मण्याचं तोंड

माझं कंपाऊंड धनुष्य पहिल्यांदा घरी आलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, हे सायकलसारखं दिसतंय." तिचं बरोबर होतं. दोन्ही टोकांना चाकं, त्यांच्यामधून जाणाऱ्या तारांसारख्या ताणलेल्या दोऱ्या, मध्ये धातूचा सांगाडा. अमेरिकेतल्या मिसुरीत राहणाऱ्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. हजारो वर्षांच्या धनुष्यापुढे हे वय म्हणजे काहीच नाही. माझ्यापेक्षा थोडंच मोठं.

खरं तर धनुर्विद्या लेकीची. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला एक मैदान आहे, तिथे मी तिला सोडायला जायचे. बारावीचं वर्ष आलं, तिचं जाणं थांबलं. माझं थांबलं नाही. संध्याकाळी बँकेतून सुटल्यावर पाय तिकडेच वळायचे. सर म्हणाले, "ताई, नुसतं बघत बसता त्यापेक्षा ओढून बघा." एकेचाळिसाव्या वर्षी ओढून बघितलं. त्याला आता सहा वर्षं झाली.

पण आज लिहायचंय ते धनुष्याबद्दल नाही. लिहायचंय ते त्याच्या दोरीला मागच्या बाजूने बांधलेल्या अकरा सेंटिमीटरच्या एका तुकड्याबद्दल. आम्ही त्याला लूप म्हणतो, पूर्ण नाव डी-लूप. इंग्रजी डी अक्षरासारखा आकार होतो म्हणून. कंपाऊंडची दोरी बोटांनी ओढत नाहीत, हातात रिलीज नावाचं एक छोटं यंत्र असतं, त्याचा जबडा किंवा आकडा या लूपमध्ये अडकवायचा आणि ओढायचं. पूर्वी रिलीज थेट दोरीलाच लावायचे. त्याने दोरीवरचं सर्व्हिंग, म्हणजे मधल्या भागावर घट्ट गुंडाळलेला रक्षक दोरा, झिजायचा आणि ओढही बाणाच्या अगदी मागून न येता जरा खालून यायची. लूपमुळे जोर बरोबर बाणाच्या शेपटीमागून येतो आणि झीज एका स्वस्त, बदलता येण्याजोग्या तुकड्यावर जाते. महागड्या धनुष्याचा आणि माझ्या हाताचा संबंध जुळतो तो एवढ्याच एका जागी, आणि तिथे जी दोरी लागते तिची किंमत एका वडापावाच्या आसपास असते.

आता हिशेब बघा. माझं धनुष्य ४५ पाउंडांचं आहे, म्हणजे साधारण वीस किलो. पूर्ण ओढून झालं की चाकांच्या रचनेमुळे वजन गळतं आणि हातात पाच किलोच उरतात, म्हणून तर निवांत नेम धरता येतो. पण ते पाच किलो माझ्या हाताला. लूपला अर्ध्या वाटेवरचे वीस किलो दर वेळी सोसावेच लागतात. स्पर्धेतली एक फेरी ७२ बाणांची असते, सराव धरला तर माझ्यासारखी हौशी बाईसुद्धा आठवड्याला तीनशे बाण सहज सोडते. म्हणजे महिन्याला हजारावर वेळा वीस किलो, शिवाय बाण सुटल्यावर दोरी थांबताना बसणारा हिसका. आणि हे सगळं नखाएवढ्या डीवर.

इतकं सोसायचं तर मजबूत दोरी हवी, असं मलाही वाटलं. धनुष्याची मुख्य दोरी ज्या तंतूची असते तोच तंतू मी शोधला. डायनीमा, स्पेक्ट्रा अशा नावांनी मिळतो. ताणत नाही, पाणी पीत नाही, वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी मजबूत, बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात. ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात निव्वळ डायनीमाची दोन मिलिमीटरची दोरी मिळाली. दोन मीटर घेतली, घरी येऊन स्वतः लूप बांधला. सरांना दाखवला नाही. ते त्या आठवड्यात मुलांना घेऊन बाहेरगावी होते, आणि मला धीर नव्हता.

जून होता. पाऊस नुकता उघडला होता, मैदानावर पाणी चमकत होतं. चौथा की पाचवा बाण. अर्ध्यावर ओढलं, जिथे जोर सगळ्यात जास्त लागतो तिथे, आणि हाताला एकदम काहीच लागेना. उजवी मूठ रिलीजसकट माझ्या तोंडावर आदळली. ओठ दातावर फाटला. बाण टार्गेटच्या अलीकडे चिखलात जाऊन रुतला. सर पहिल्या दिवसापासून बजावतात की ओढताना धनुष्य आकाशाकडे करायचं नाही, बाण कायम टार्गेटच्या उंचीतच राहिला पाहिजे. त्या एका सवयीमुळे बाण मैदानाच्या भिंतीबाहेर गेला नाही. भिंतीपलीकडे रस्ता आहे, शाळा सुटायची वेळ होती. ओठ आठवड्यात भरला, पण ती शाळेची वेळ मला आजही आठवते.

खाली बसून तुकडा शोधला. मला वाटलं होतं दोरी तुटलेली सापडेल. दोरी अख्खी होती. कुठे एक धागासुद्धा तुटला नव्हता. ती गाठीतून निसटली होती.

त्या रात्री ओठावर बर्फ धरून मी तो तुकडा भिंगाखाली बघत बसले. लूपच्या दोन्ही गाठी अगदी साध्या असतात, नुसते फास. त्यांना खरं धरून ठेवतं ते टोकांवरचं वितळवलेलं बोंड. टोक लायटरने वितळवायचं, त्याची गुठळी होते, गाठ आवळली की ती गुठळी गाठीला टेकून बसते आणि दोरी मागे सरकू देत नाही. मैदानावर पोरं त्याला मश्रूम म्हणतात. माझ्या डायनीमाच्या टोकाला बोंड नव्हतंच, मेणासारखं बुळबुळीत काहीतरी होतं, मोहरीपेक्षा लहान. हा तंतू १५० अंशांच्या आतबाहेर वितळतो, ज्योत जवळ नेली की आक्रसून आत पळतो, आणि मुळात इतका गुळगुळीत असतो की गाठ त्याला पकडू शकत नाही. ज्या गुणामुळे तो गोळी अडवणाऱ्या जाकिटात शोभतो त्याचा लूपमध्ये उपयोग नव्हता. मी दोरीला किती वजन पेलशील एवढंच विचारलं होतं. वीस किलोच्या कित्येक पट पेलणारी दोरी बाजारात ढिगाने मिळते. गाठीत बसशील का आणि आगीत बोंड धरशील का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

सर परत आले, ओठ बघितला, काही बोलले नाहीत. पेटीतून पिवळ्या दोरीचा तुकडा काढून दिला. घट्ट विणीची पॉलिएस्टर. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळतं, आणि वितळताना पळत नाही, जागच्या जागी गोळा होतं. थंड झालं की टणक. भिजल्याने त्याच्यात फारसा फरक पडत नाही. नायलॉनचं तसं नाही, नायलॉन पाणी शोषतं आणि ओढलं की लांबतं, आपल्या पावसाळ्यात दोन महिने ते वापरणं म्हणजे रोज थोड्या वेगळ्या लांबीचं धनुष्य वापरणं. लूप दोन मिलिमीटर लांबला तर माझा हात जबड्याखाली दोन मिलिमीटर मागे जातो, आणि पन्नास मीटरवर ते कळतं. डायनीमाचा गाभा आणि वरून पॉलिएस्टरचं वेष्टण अशीही दोरी मिळते, मैदानावरच्या काही चांगल्या पोरांची तीच आवडती आहे. मला निव्वळ पॉलिएस्टरच बरी वाटते. टोक नीट वितळलं की नाही हे डोळ्याने कळतं, आत वेगळं काही लपलेलं नसतं.

तरीही दोरी टिकेना. हीच पिवळी दोरी इतरांची चार-पाच महिने जाते, माझी तीन आठवड्यांत डीच्या पोटाशी फुसफुसायला लागायची, धागे वर यायचे. मी दोरी बदलली. जाड घेतली, तर रिलीजचा जबडा नीट मिटेना. बारीक घेतली, ती आणखी लवकर गेली. बोहरी आळीत दोन शनिवार फिरले. काथ्या, सुतळी, पडद्यांची दोरी, तंबूची दोरी, सगळी रिळं उलगडून बघितली. तिथले दुकानदार दोरी नुसत्या हाताने ओळखतात, पण मला हवी होती तशी घट्ट, कडक विणीची दोन मिलिमीटर कुणाकडे नव्हती. लूपची दोरी कडक लागते, नाहीतर डी मिटून जातो आणि नेमाकडे बघता बघता रिलीज अडकवता येत नाही.

उत्तर मिळालं ते भलतीकडेच. भाचीचं लग्न ठरलं होतं आणि आईची बोरमाळ गाठवून घ्यायची होती. सोन्या मारुती चौकाच्या आत एका जिन्याखाली एक पटवेकरी काका बसतात. आई त्यांच्या वडिलांकडे जायची. जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा, समोर लाकडी पाट, भिंतीत एक पितळी आकडा. त्या आकड्याला दोऱ्याची कडी बांधलेली, तिच्यात दोरा ओवायचा, दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि मधल्या ताणावर काम करायचं. माळ दिली तर त्यांनी आधी मणी बघितले नाहीत, दोरा बघितला. अंगठ्याचं नख दोऱ्यावरून हळूहळू फिरवत नेलं आणि एका जागी थांबले. मला तिथे काहीच दिसत नव्हतं.

"इथून जाणार होती," म्हणाले. "लग्नातच गेली असती."

मी विचारलं, दोरा हलका होता का? त्यांनी मान हलवली. त्या जागेशेजारचा मणी सुटा केला आणि उजेडाकडे धरला. सोन्याचा पोकळ मणी, त्याच्या भोकाच्या काठाला केसाएवढी एक कड वर आलेली. "ताई, दोऱ्याला कुणी नावं ठेवू नये. माळ मधे कधी तुटत नाही. मण्याचं तोंड बघायचं." मग एका बारीक सळईने त्यांनी ते तोंड आतून फिरवून गोल केलं. प्रत्येक मण्याचं, दोन्ही बाजूंनी. चाळीसेक मणी असतील. मी मंडईच्या वाहनतळात गाडी लावून आले होते, तास उलटून गेला होता, पण हलावंसं वाटेना.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर कापसाचा बोळा घेऊन रिलीजच्या जबड्यावरून फिरवला. सरकला, सरकला आणि एका कोपऱ्यात अडकला. पांढरा तंतू धातूवर लटकून राहिला. डोळ्याला काही दिसत नव्हतं, बोटालाही नाही. रिलीज दोन वर्षांपूर्वी हातातून फरशीवर पडलं होतं, तेव्हा कडेला बारीकसा ओरखडा उठला असावा. माझ्या लूपची झीज नेहमी डाव्या अंगाला का होते, तेही तेव्हा कळलं. सरांनी अगदी बारीक पॉलिश पेपरने ती कड घासून दिली, पुन्हा कापूस फिरवला, आता तो अडकला नाही. त्यानंतर बांधलेला लूप दिवाळीपासून होळीपर्यंत गेला. दोरी तीच होती, त्याच रिळातली.

आता दोरी निवडताना मी काय बघते ते सांगते. लहान तुकडा घेऊन दोन्ही हातांनी एकमेकांकडे ढकलते. वीण सैल असेल तर मधे फुगा येतो, वेष्टण आतल्या गाभ्यावर सरकतं. फुगा आला तर ती दोरी नको. मग तुकडा चिमटीत वाकवते. लगेच दुमडून मिटली तर मऊ, कमान धरून राहिली तर चालेल. मग टोक पेटवून बघते. रंग मी मुद्दाम फिका घेते, पिवळा किंवा पोपटी. काळी दोरी सगळ्या धनुष्यांवर छान दिसते, पण तिच्यावर वर आलेला धागा दिसत नाही आणि मला तो दिसायला हवा.

बांधणं मात्र शांतपणे करायचं काम आहे, मी ते रविवारी सकाळी करते. अकरा सेंटिमीटर कापायची, कात्री धारदार हवी. टोकाचे धागे दोन-तीन मिलिमीटर पिंजून फुलासारखे पसरवायचे, म्हणजे बोंड मोठं होतं. ज्योत टोकाला भिडवायची नाही, बाजूने दाखवायची. धागे आधी ओलसर चमकतात, मग एकमेकांत मिसळतात आणि एक थेंब तयार होतो. तिथेच थांबायचं. अर्धा क्षण जास्त झाला की थेंब काळा पडतो, आणि काळं बोंड ठिसूळ असतं, गाठ आवळताना तडकून गळून पडू शकतं. काळं झालं की मी तो तुकडा फेकून देते, कितीही जीव जळला तरी. थेंब पांढुरका असतानाच लायटरच्या धातूच्या तोंडावर हलकेच दाबायचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्यासारखा चपटा, दोरीपेक्षा रुंद बसतो. मग दोरीवर वरची गाठ, खालची गाठ. वरचं बोंड डावीकडे आलं तर खालचं उजवीकडे यायला हवं. दोन्ही एकाच बाजूला घेतली तर ओढताना लूप दोरीला पीळ देतो आणि दोरीतल्या ज्या छोट्या छिद्रातून आपण बघतो ते पीप फिरून बसतं.

आवळायला मी सर्क्लिपची पकड वापरते, पिळली की जिची टोकं उघडतात ती, गॅरेजवाल्यांकडे असते. तिची टोकं डीमध्ये घालून पिळायची. दोरी कुरकुरते, गाठी चपट्या होतात, बोंडं येऊन टेकतात. तेवढ्यात कुठे पांढरं फटफटीत दिसलं, बोंडाशी चीर दिसली, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि बाणाची शेपटी दोन गाठींत चिमटीत पकडल्यासारखी बसता कामा नये. पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन अरुंद होतो आणि गाठी जवळ येतात, म्हणून आधीच वर-खाली कागदाच्या जाडीइतकी फट ठेवायची. नवा लूप पहिल्या दिवशी थोडा बसतो. पहिले पन्नास-साठ बाण मी जवळून, मोठ्या टार्गेटवर मारते आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री लूप कधीही बदलत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. आम्ही सगळे मैदानावर एका मोबाइलभोवती कोंडाळं करून बघत होतो. पंधरा बाण, पंधराही दहाच्या वर्तुळात. पोरं प्रत्येक बाणाला ओरडत होती. ओजसचा हात हनुवटीशी आला की मला मात्र त्या मुठीपुढचा तो एवढासा फास आठवायचा. पंधराही वेळा तो जिथल्या तिथे होता. त्यानंतर मैदानावर कंपाऊंड शिकायला येणारी मुलं वाढली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार येणार म्हटल्यावर आणखी वाढली. आईबाप धनुष्याची किंमत विचारतात, बाणांची विचारतात. मी त्यांना गाठून कापसाचा बोळा देते. सरांना आता त्याची सवय झाली आहे, नवीन पालक आले की तेच माझ्याकडे बोट दाखवतात.

वहीत मी प्रत्येक लूपची तारीख लिहून ठेवते, खाली दर आठवड्याचे बाण. दोन हजारांच्या पुढे गेला की चांगला दिसत असला तरी काढते. सराव सुरू करण्याआधी नख फिरवते, काकांनी फिरवलं होतं तसं. एका जागी नख अडखळलं की त्या दिवशी ओढत नाही.

बोरमाळ आणायला गेले तेव्हा काकांना पिवळ्या दोरीचा तुकडा दाखवला होता. कापसाची गोष्ट सांगितली, त्यांना काही विशेष वाटलं नाही. दोरी मात्र त्यांनी बराच वेळ चोळून बघितली. मग भिंतीतल्या आकड्याकडे बोट केलं. तिथली कडी दिवसभर ताणाखाली असते, महिन्या-दोन महिन्यांत जाते. "एक हातभर ठेवून जाल का?" मी हातभर दिली. पेटवायचं कसं ते दाखवायला लागले, तर त्यांनी माझ्या हातातून लायटर घेतला आणि पहिल्याच झटक्यात पांढरंशुभ्र बोंड केलं.

गेल्या आठवड्यात लक्ष्मी रस्त्याला गेले होते म्हणून आत डोकावले. कडी तीच होती, मळून करडी झालेली. बोंडं जागच्या जागी. काका एका मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत गुंतले होते, मान वर न करता म्हणाले, "बघा ताई, बदलायला आली का?"

मी वाकून कडीवरून नख फिरवलं. आकडा जिथे टेकतो तिथे थोडी चमक आली होती, धागा एकही वर नव्हता.

"नाही काका, अजून नाही."